लहान कॉलेजांच्या आइस हॉकीसाठी ‘भरती सल्लागार’: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

मुलाला अमेरिकेतल्या एखाद्या लहान कॉलेजच्या आइस हॉकी संघात जागा मिळावी, यासाठी आम्ही २०२३च्या फेब्रुवारीत एका खासगी भरती-सल्ला सेवेशी करार केला. फी सव्वातीन हजार डॉलर, दोन हप्त्यांत. मुलगा तेव्हा अकरावीत होता आणि बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या क्लबात गोलरक्षक म्हणून खेळत होता. आज तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, संघाच्या यादीत त्याचे नाव आहे, तेव्हा सेवेचा उपयोग झाला असे वरवर पाहणारा म्हणेल. प्रत्यक्ष हिशेब तितका सरळ नाही, आणि महाराष्ट्र मंडळातल्या दोन-तीन ओळखीच्या घरांतून ‘घ्यावी का ही सेवा?’ अशी विचारणा झाल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही. अशाच पद्धतीने चालणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत आणि माझी तक्रार त्या पद्धतीबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती ठाऊक नसल्यामुळेच आम्ही पहिला हप्ता फारसे प्रश्न न विचारता भरला. कॉलेज हॉकीत पुरुषांचे साठच्या वर संघ डिव्हिजन वन या वरच्या विभागात आहेत आणि ऐंशीहून अधिक डिव्हिजन थ्री या खालच्या विभागात. लहान कॉलेजे म्हणजे मुख्यतः हा दुसरा गट. मिडलबरी, विल्यम्स, बोडन, नॉर्विच, सेंट नॉर्बर्ट ही त्यातली परिचित नावे. ‘लहान’ हा शब्द विद्यार्थिसंख्येला लागू आहे, खेळाच्या दर्जाला नाही. मिडलबरीने १९९५ ते १९९९ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली आणि अलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्टने २०२३ व २०२४ मध्ये लागोपाठ विजेतेपद मिळवले. या संघांत आपला क्लबातला मुलगा सहज बसेल अशी समजूत असेल, तर एका हिवाळी शनिवारी त्यांचा सामना प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तिकीट स्वस्त असते आणि समजूत पहिल्या वीस मिनिटांत उतरते.

दुसरी गोष्ट वयाची. इथल्या पुरुष संघांतला पहिल्या वर्षाचा खेळाडू बहुधा वीस वर्षांचा असतो, कारण शाळा संपल्यावर मुले एक-दोन वर्षे ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे कॉलेजपूर्व वयाच्या खेळाडूंच्या स्पर्धांत, खेळतात आणि मग कॉलेजात येतात. ही कल्पना घरी पचवणे हे हॉकीपेक्षा अवघड काम होते. सांगलीहून सासूबाईंनी फोनवर विचारले, “म्हणजे ड्रॉप घेतला का गं त्याने?” मी हो म्हटले. नीटसाठी ड्रॉप घेणारी मुले त्यांच्या वाड्यातच दोन आहेत, त्यामुळे एवढ्या एका शब्दात त्यांचे समाधान झाले आणि माझी अर्ध्या तासाची सुटका झाली.

आता सेवेकडे वळते. कराराप्रमाणे आम्हाला चार गोष्टी मिळायच्या होत्या: खेळाडूचे संकेतस्थळावरचे पान, सामन्यांच्या चित्रणातून तयार केलेली फीत, प्रशिक्षकांना पाठवायच्या मेल आणि महिन्यातून एकदा सल्लागाराशी अर्ध्या तासाचे बोलणे. पानाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. उंची, वजन, गुण आणि एक छायाचित्र एवढाच मजकूर, जो कोणीही तासाभरात स्वतः तयार करील.

फितीचे काम मात्र उत्कृष्ट झाले. आम्ही घरी केलेली पहिली फीत साडेसहा मिनिटांची होती, तिला मागे संगीत होते आणि डाव्या हातमोज्यात पक (आइस हॉकीतली रबरी चकती) झेलल्याचे अकरा प्रसंग सावकाश गतीने दाखवले होते. फितीचे काम पाहणारा माणूस स्वतः एकेकाळचा गोलरक्षक. त्याने संगीत काढले, सावकाश गती काढली, अकरातले नऊ झेल काढले आणि विचारले, “पक येण्याच्या आधी हा कुठे उभा होता, ते कुठे आहे?” मग त्याने मुलाला शेजारी बसवून एकाच प्रसंगाची चार वेळा उजळणी घेतली. प्रतिस्पर्धी उजव्या कोपऱ्यातून समोर पास देतो, मुलगा गोलच्या खांबाला टेकलेला पाय सोडून आडवा सरकतो, फटका अडवतो आणि पक छातीवरून उसळून पुन्हा मधोमध पडतो. आम्ही सगळे त्या अडवण्याकडे पाहत होतो. तो पाहत होता त्यानंतरच्या दोन सेकंदांकडे: पक कुठे गेला, मुलगा पुन्हा उभा किती वेळात राहिला, त्याची नजर पकवर होती की पंचाकडे. प्रशिक्षक हेच पाहतात, असे त्याचे म्हणणे. अंतिम फीत पावणेतीन मिनिटांची झाली आणि तिच्या शेवटी सामन्याच्या एका संपूर्ण सत्राचे न कापलेले चित्रण जोडले, ज्यात मुलाने एक साधा गोल खाल्ला आहे. तो गोल काढावा असे मला वाटत होते; त्याने ठाम नकार दिला. पुढे ज्या दोन प्रशिक्षकांनी मुलाशी मोकळेपणाने बोलणे केले, त्या दोघांनीही नेमका त्या गोलाचा विषय काढला, कारण गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत मुलगा डगमगला नव्हता. आमच्या पैशांचा या माणसाच्या वाट्याला किती भाग गेला ते ठाऊक नाही, पण वसूल झालेला भाग तेवढाच.

मेल पाठवण्याच्या कामात नेमका उलटा प्रकार. सेवेने एकाच दिवशी नव्वद प्रशिक्षकांना एकच मजकूर धाडला. त्यातला एक मुलींच्या संघाचा प्रशिक्षक होता, आणि एका कॉलेजात तर विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चालवलेला क्लब संघच काय तो होता. उत्तरे सात आली, त्यातली पाच ‘आमच्या उन्हाळी शिबिराला अवश्य या’ अशी छापील धर्तीची. शिबिराचे आमंत्रण म्हणजे पसंती नव्हे. शिबिराची फी असते आणि ते आमंत्रण शेकडो मुलांना जाते. मासिक अहवालात मात्र ही पाच उत्तरे ‘रस दाखवलेली कॉलेजे’ या रकान्यात होती.

खरे पाहता गोलरक्षकाच्या बाबतीत नव्वद मेलची गरजच नसते, आणि हे सल्लागाराने पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. एका संघात साधारणपणे तीन गोलरक्षक असतात. ऐंशी संघांचे दोनशे चाळीस, ते चार वर्षांत कॉलेज संपवतात, म्हणजे साऱ्या देशात वर्षाला साठेक जागा मोकळ्या होणार, आणि त्यातल्या काही दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणाऱ्यांकडे जाणार. पुढच्या फळीत खेळणाऱ्या मुलाला जागा नसली तरी प्रशिक्षक कुठेतरी सामावून घेतो. गोलरक्षकाला तशी सोय नाही, कारण बर्फावर जागा एकच. प्रत्येक संघाची यादी संकेतस्थळावर असते, तिच्यात खेळाडू कितव्या वर्षाला आहे तेही असते. माझ्या नवऱ्याने एका रविवारी, मुलगा मराठी शाळेत शिकवायला गेला असताना, सगळ्या याद्या उघडून तक्ता केला: कोणत्या कॉलेजातले किती गोलरक्षक २०२५ मध्ये बाहेर पडतील. ज्यांच्याकडे दोघे जाणार होते अशी चौदा कॉलेजे निघाली. त्या चौदांना मुलाने स्वतःच्या शब्दांत, त्या त्या संघाचा एखादा सामना पाहून, स्वतंत्र मेल लिहिल्या. नऊ उत्तरे आली. आज तो ज्या कॉलेजात आहे ते त्या नऊंपैकी आहे, सेवेच्या नव्वदांत त्याचे नाव नव्हते.

पैशांच्या बाबतीत सेवेने जे केले त्याला मी दिशाभूल म्हणेन. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, असा स्पष्ट नियम आहे. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर किंवा गुणांवर, आणि तीही कॉलेजचे आर्थिक मदत कार्यालय देते. असे असताना आमच्या अहवालात एका कॉलेजसमोर ‘मिळवून दिलेली शिष्यवृत्ती: वर्षाला २६,००० डॉलर’ असे छापले होते. चौकशी केल्यावर कळले की त्या कॉलेजात मुलाइतके गुण असलेल्या कोणालाही ती सवलत मिळते. बासरी वाजवणाऱ्यालाही मिळाली असती. मदत वजा जाता घरच्यांना किती पैसे पडतील हे सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर फुकट असतो, त्यात वीस मिनिटे घालवली की साधारण आकडा कळतो.

याच्याशी जोडून आणखी एक बाब आहे, जी पालकांनी समजून घेतली पाहिजे. विद्यार्थी कमी होत चाललेल्या लहान खासगी कॉलेजांना खेळाडू हवे असतात ते केवळ चषकासाठी नव्हे. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने २००५ नंतर खेळांचे संघ वाढवून पटसंख्या वाढवण्याचे धोरण उघडपणे राबवले, आवारात बर्फाची रिंक बांधली, मुख्य संघाच्या जोडीला हॉकीचे क्लब संघही उभे केले आणि २०२२ मध्ये डिव्हिजन थ्रीचे विजेतेपदही मिळवले. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मुलाला खेळायला मिळते, कॉलेजला विद्यार्थी मिळतो. परंतु प्रशिक्षक ‘तू आम्हाला हवास’ म्हणतो तेव्हा कोणत्या संघासाठी, हा प्रश्न त्याच फोनवर विचारायला हवा. आम्हाला आलेल्या तीन देकारांपैकी एक दुय्यम संघाचा होता, आणि हे आम्हाला सल्लागाराने सांगितले नाही, कॉलेज पाहायला गेलो तेव्हा तिथल्या एका विद्यार्थ्याने सांगितले.

सर्वांत मोठी चूक प्रवेशाच्या बाजूची झाली. अभ्यासात कडक असलेल्या कॉलेजांत, विशेषतः ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या नेस्कॅक या कॉलेजांच्या क्रीडागटात, प्रशिक्षक उन्हाळ्यात मुलाची गुणपत्रिका आणि विषयांची यादी प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवतो. याला प्री-रीड म्हणतात. कार्यालयाने मान हलवली तरच पुढचे बोलणे, आणि मग मुलाने नोव्हेंबरात बंधनकारक अर्ज करायचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे. आमच्या मुलाने बारावीत सामन्यांच्या प्रवासामुळे फिजिक्स सोडून सोपा विषय घेतला. सल्लागाराशी दरमहा बोलणे चालू असताना विषयांची चौकशी एकदाही झाली नाही. २०२४च्या उन्हाळ्यात मुलाच्या सर्वांत आवडत्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने, अगदी सभ्यपणे, प्रवेश कार्यालयाने त्या विषयावर बोट ठेवल्याचे कळवले. तोंडी होकार, अभिनंदनाचे फोन, समाजमाध्यमांवरच्या घोषणा या सगळ्यांची किंमत प्रवेशपत्र हाती येईपर्यंत शून्य असते, ही गोष्ट फी न देता कळली असती तर बरे झाले असते.

ज्युनिअर लीगच्या निवडीतही सावध राहावे लागले. यूएसएचएल आणि एनएएचएल या वरच्या लीगमध्ये खेळाडूकडून फी घेत नाहीत, पण तिथे निवड होणे कठीण. त्याखालच्या अनेक संघांत पालकच पैसे भरतात, शिवाय घरापासून दूर खेळणारे मूल तिथल्या ज्या कुटुंबाकडे राहते त्यांना दरमहा वेगळे द्यावे लागतात. सल्लागाराने एकाच संघाचा आग्रह धरला, आणि त्या संघाच्या पत्रकावर सेवेचे बोधचिन्ह होते. आम्ही घरापासून पन्नास मिनिटांवरचा दुसरा संघ निवडला. राहण्याचा खर्च वाचला आणि मुलगा रात्रीचा वरणभात घरी जेवला.

एक गोष्ट सेवेच्या पदरात टाकायला हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडातल्या मेजर ज्युनिअर या वरच्या दर्जाच्या ज्युनिअर लीगच्या खेळाडूंना पुढच्या ऑगस्टपासून डिव्हिजन वनमध्ये खेळण्याची मुभा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा सल्लागाराने आपणहून फोन करून त्याचा अर्थ समजावला: वरून चांगले खेळाडू आले की तिथले खाली सरकणार आणि डिव्हिजन थ्रीच्या प्रशिक्षकांना थांबून निवडण्याची चैन मिळणार. आमचा अर्ज तेव्हा गेलेला होता. ज्यांची मुले आज दहावी-अकरावीत आहेत त्यांनी मात्र हा बदल गृहीत धरूनच यादी करावी.

तर घ्यावी का? ज्या घरात हॉकीतले कोणालाच काही कळत नाही आणि मूल क्लबच्या प्रशिक्षकाला प्रश्न विचारायला लाजते, त्यांनी फीत तयार करून घेण्यापुरता तासांवर पैसे घेणारा जाणकार शोधावा. क्लबचा प्रशिक्षक हाच पहिला आणि फुकट सल्लागार आहे. कॉलेजचे प्रशिक्षक त्यालाच फोन करतात, सेवेला नाही. पूर्ण करार मी कोणालाही सुचवणार नाही, आणि पाचपैकी दोन तारे देते ते दोन्ही फितीवाल्याचे.

मुलगा सध्या संघातला तिसरा गोलरक्षक आहे. सरावात पक अंगावर घेतो आणि बहुतेक सामने गणवेशाऐवजी सूट घालून प्रेक्षकांतून पाहतो. प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यातच त्याचे छायाचित्र सेवेच्या ‘आम्ही पोहोचवलेले खेळाडू’ या पानावर झळकले. जुलैमध्ये ते ज्युनिअर संघाच्या पत्रकावर आणि एका उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीवरही दिसले, आपल्याकडे निकालानंतर एकच गुणवंत तीन क्लासेसच्या फलकांवर हसताना दिसतो तसे. छायाचित्र काढावे अशी मेल मी सेवेला केली. दुसऱ्या दिवशी दिलगिरीचे उत्तर आले आणि त्याच्या तळाशी धाकट्या भावंडासाठी वीस टक्के सवलतीचा देकार होता. धाकटी बॅडमिंटन खेळते.