टेक्स्चर पेंटिंगसाठी पुट्टी, पीओपी की घरची पेस्ट? एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

चित्राला हाताला जाणवेल असा उंचसखल पोत देण्यासाठी भिंतीची पुट्टी, पीओपी, चित्रकलेच्या दुकानातली तयार मॉडेलिंग पेस्ट आणि चॉक पावडरची घरी केलेली पेस्ट, हे चारही प्रकार आता पुरेसे वापरून झालेत. मराठवाड्यात राहून टेक्स्चरचं काम करणाऱ्याने वाळल्यावर लगेच साहित्य कसं दिसतं, यावर निर्णय घेऊ नये. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडीठाक असते आणि जुलैत तीच भिंत दमट होते. या दोन्हींतून जे निघालं, तेच आपल्या कामाचं. या कसोटीवर मोठ्या कामाला सहा मिलिमीटरच्या एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यावर) लावलेली घरची पेस्ट सरळ पहिल्या नंबरावर आहे. पुट्टी पातळ थरापुरती चांगली. पीओपी मोजक्या ठिकाणीच वापरावं.

आधी पाट्याचं बघू, कारण निम्म्या भेगा तिथून सुरू होतात. ताणलेला कॅनव्हास बोटाने दाबला की लवतो. त्यावरची पुट्टी किंवा पीओपी लवत नाही, म्हणून तुटते. कॅनव्हासच हवा असेल तर आतून पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड बसवून घ्या आणि थर दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. एमडीएफचा धोका वेगळा. ओली पेस्ट एकाच बाजूला लागते, वाळताना आकसते आणि पाटा पुढच्या बाजूला वाकतो. म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे पाणी घालून पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक प्रायमर एकेक हात मारायचा, आणि चारही कडांना दोन हात. एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी कडांतूनच पितो. मागची बाजू कोरी सोडली की पावसाळ्यात पाटा हमखास फिरतो.

पुट्टी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्वस्त आहे, आणि मोह तिथेच होतो. पण व्हाइट सिमेंटची पुट्टी भिंतीवर एकूण दीड मिलिमीटरच्या आसपासच्या थरासाठी बनवलेली असते. तिचा पाच-सहा मिलिमीटरचा उंचवटा केला तर वरची साय आधी वाळते, आतला ओला भाग नंतर आकसतो आणि दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. प्रमाण एक किलोला साधारण साडेतीनशे ते चारशे मिली पाणी. कालवून दहा मिनिटं ठेवायची, पुन्हा घोटायची, मगच लावायची. पाण्याचा काही भाग कमी करून त्याऐवजी बांधकामातलं लेटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचं दुधासारखं चिकट द्रव) घातलं तर ठिसूळपणा बराच कमी होतो. एकदा घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती परत सैल करू नका. अशी पुट्टी वाळल्यावर नखाने खरवडली तरी भुकटी निघते.

पीओपीबद्दल थोडक्यात. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. हातात जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्याहूनही कमी. चिमूटभर लिंबूसत्व पाण्यात विरघळवलं की वेळ वाढतो, जास्त झालं तर पीओपी कच्चं राहतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी हवेतला ओलावा ओढून मरते, मग कितीही घोटा, ती धड सेट होत नाही. उरलेलं पीओपी मोरीत ओतलं तर पाइप कायमचा बुजेल, ते पिशवीतच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका.

आता घरची पेस्ट. दोनशे मिलीच्या वाटीने एक वाटी पांढरा गम (सुतारकामाचा), एक वाटी बाहेरच्या भिंतीचं पांढरं अ‍ॅक्रिलिक इमल्शन आणि चाळलेली चॉक पावडर तीन वाट्या, लागली तर चौथी. गम आणि रंग आधी एकजीव करायचा, मग पावडर थोडी थोडी. चक्क्याइतकी घट्ट झाली की थांबायचं. जोरात फेटलं तर हवेचे बुडबुडे राहतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, म्हणून कालवल्यावर पंधरा मिनिटं झाकून ठेवा. दोन बाय तीन फुटांच्या पाट्यावर सरासरी दोन मिलिमीटर थराला सव्वा लिटरच्या आत-बाहेर पेस्ट लागते, म्हणजे वरचं माप दुप्पट करावं लागेल. नुसत्या गमाची पेस्ट करू नका. साधा पांढरा गम दमट हवेत मऊ पडतो आणि ओल्या फडक्याने पुसला तर चिकट होतो. इमल्शनमुळे हा दोष बराच आटोक्यात येतो. एका वेळी तीन मिलिमीटर, आणि पुढचा थर किमान एक दिवसाने.

जाड उंचवटे हवे असतील तर तंतू घाला. ही युक्ती आपल्याच भागात शेकडो वर्षं टिकून आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात साळीचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण साधं आहे. वाळताना थर आकसतो तेव्हा तंतू ओढ वाटून घेतात आणि एक मोठी भेग पडत नाही. घरी यासाठी अंबाडीचा दोर किंवा सुतळी उसवून एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि वाटीभर पेस्टला एक सैल चिमूट घालायची. लांब तुकडे पेस्ट पसरवायच्या पट्टीला अडकून रेघा ओढतात, त्यामुळे मोजूनच कापा. गव्हाचा बारीक भुसाही चालतो, फक्त पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशीचे करडे ठिपके वर येतात.

खरखरीत पोतासाठी वाळू धुऊन, वाळवून, मैद्याच्या चाळणीतून काढा. रांगोळी आणखी बरी, कण एकसारखे मिळतात. चाळलेला मुरूम तर फारच सुंदर दिसतो, त्याच्या तांबड्या रंगाला वेगळा हात लावावा लागत नाही. काळी माती मात्र पेस्टमध्ये कधीच नको. ती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, रंगाच्या थराखाली गेली तरी तिचा हा स्वभाव जात नाही.

पाणी हा इथला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळताना वर येतात आणि गडद रंगावर पांढरट डाग उमटतात. पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी वापरा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

उन्हाळ्यात काम दिवस मावळल्यावर करा आणि कूलरचा झोत पाट्यावर येऊ देऊ नका. पहिले पाच-सहा तास वर अधांतरी प्लास्टिक धरून ठेवलं की वाळणं सावकाश होतं. पावसाळ्यात उलट: पाटा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून खोलीत पंखा चालू ठेवायचा.

रंगाच्या बाबतीत पुट्टीवाल्यांनी जपावं. तिच्यातला अल्कली (चुन्यासारखा दाहक घटक) प्रशियन ब्लूसारखा रंग मारून टाकतो, निळा तपकिरीकडे झुकतो. आठवडाभर वाळू द्या, प्रायमर लावा, मग रंग. फरशीचे लाल, पिवळे आणि काळे ऑक्साइड अल्कलीला दाद देत नाहीत आणि मातकट छटांसाठी उत्तम आहेत. शेवटी मॅट अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत वार्निशने प्रत्येक खड्ड्यात प्रकाश चमकतो आणि पोत वाचता येत नाही.

तयार मॉडेलिंग पेस्ट गुणाने निर्विवाद सरस आहे: लवचीक, पांढरीशुभ्र, भेगा नाहीत. पण डबा लहान येतो, दोन बाय तीन फुटांना ती खिशाला परवडत नाही. एक फुटाच्या आतल्या कामाला मात्र तीच घ्या.

पुट्टी, पावडर, वाळू चाळताना आणि घासताना मास्क हवाच, पुट्टीला हातमोजेही. आणि लटकवण्याचा हिशेब आधीच करा: दोन बाय तीन फुटांचा सहा मिलिमीटर एमडीएफ अडीच किलोच्या आसपास भरतो, त्यावर तीन मिलिमीटर थर म्हणजे जवळपास तेवढंच वजन आणखी. एका खिळ्यावर भागवू नका, प्लग ठोकून दोन स्क्रू मारा.