सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप: काही महिने वापरल्यावर

वर्गणी संपत आल्याच्या सूचना रोज येतायत, तेव्हा लिहूनच टाकतो. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण ज्या घोळाबद्दल लिहिणार आहे तो याच जातीच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्येही निघू शकतो. नकाशावर पिन टाकायची, तारीख निवडायची आणि सूर्य उगवण्या-मावळण्याच्या रेषा बघायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही.

घोळ घड्याळाचा आहे. मार्चअखेरच्या लंडनच्या फोटो-सहलीची आखणी मी घरी बसून केली. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात. शनिवारी साडेसहाच्या आत मावळणारा सूर्य रविवारी साडेसातच्या सुमारास मावळतो. हा रविवार माझ्या सहलीच्या मधोमध येत होता. अ‍ॅपने पिन सेव्ह केली त्या दिवशीचाच लंडनच्या घड्याळाचा जागतिक वेळेशी असलेला फरक पुढच्या सगळ्या तारखांना लावला, त्यामुळे सोमवारचा सूर्यास्त तासभर आधीचा दाखवला.

तासाने काय बिघडतं? उंचावरच्या गॅलऱ्यांची तिकिटं ठरावीक वेळेची असतात. मी ते तिकीट अ‍ॅपमधल्या सूर्यास्तावर काढलं होतं. वर पोचलो तर सूर्य अजून क्षितिजापासून आठ-नऊ अंश वर, काचेवर थेट ऊन, खालचं शहर पांढुरकं. ज्या निळ्या उजेडासाठी तिकीट काढलं तो पडायच्या आत आमची वेळ संपली. तिकीट बदलून मिळालं नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपने सूर्यास्ताची वेळच चुकीची सांगावी, हे मला अजून पचत नाही. ही वेळ तर कुठलीही हवामानाची साइट फुकट सांगते.

तक्रार केली. उत्तर आलं: फोनचा टाइमझोन ऑटोमॅटिक ठेवा. तो होताच. स्क्रीनशॉट पाठवले, त्यात तारीख, पिन, दाखवलेली वेळ आणि खरी वेळ, सगळं होतं. पुन्हा तेच उत्तर, आणि तिकडून तक्रार बंद. त्या रात्री अ‍ॅप काढून टाकणार होतो.

काढलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी त्याचा खरा उपयोग कळला. वेळ चुकली तरी कोन चुकत नव्हते, आणि मोठ्या शहरात काम कोनांचंच असतं. सूर्यास्ताची वेळ मोकळ्या क्षितिजासाठी काढलेली असते, शहरात असं क्षितिज सहसा मिळत नाही. रस्ता 20 मीटर रुंद आणि कडेची इमारत 40 मीटर उंच धरा. सूर्य त्या इमारतीच्या बरोबर मागे असेल तर पलीकडच्या फुटपाथवर ऊन पडायला तो 63 अंशांच्या वर हवा. लंडनमध्ये जूनच्या भर दुपारीही तो 62च्या आसपासच थांबतो. म्हणजे त्या फुटपाथवर ऊन येणार ते तिरपंच, सूर्य रस्त्याच्या रेषेकडे सरकला की. डिसेंबरात तर दुपारी सूर्य जेमतेम 15 अंशांवर असतो, आणि सावली इमारतीच्या उंचीच्या पावणेचारपट पडते. ‘दुपारचं ऊन कडक असतं, फोटो काढू नका’ हा सल्ला तिथे हिवाळ्यात लागूच पडत नाही.

म्हणून मी आता आधी रस्ता उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते मोजतो, मग सूर्य त्या अंशावर कधी येतो ते बघतो, आणि त्या क्षणी त्याची उंची किती ते तपासतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर सूर्य रस्त्यांच्या बरोबर टोकाशी मावळतो, तो याच हिशेबाने: तिथली रस्त्यांची जाळी उत्तरेपासून सुमारे 29 अंश कललेली आहे. अ‍ॅपमध्ये ती तारीख टाकली की सूर्यास्ताची पिवळी रेषा थेट रस्त्यावर बसते. असं जुळणं सरळ रस्त्यांच्या बऱ्याच शहरांत शोधता येतं, त्यासाठी प्रसिद्ध तारखेच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही.

लंडनच्या वॉटर्लू ब्रिजवर याचा फार फायदा झाला. तिथून सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट पूर्वेकडे, किंचित उत्तरेला दिसतो. संध्याकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि दगड उजळतो, सकाळी त्याच जागेवरून घुमट काळ्या आकारासारखा उभा राहतो. हे घरी बसून ठरवता आलं, त्यामुळे एकाच पुलावर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वेगळं चित्र मिळालं.

ब्लू अवरचा, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडाचा, पट्टाही उपयोगी आहे. विषुववृत्ताजवळच्या शहरात सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंतचा उजेड) संपतो, लंडनला जूनमध्ये तो पाऊण तासाच्या वर टिकतो. विषुववृत्ताजवळ एकाच जागेचे फोटो होतात, लंडनला दोन जागांचे निवांत होतात.

बाकी थोडक्यात: नेट नसलं की नकाशा कोरा, म्हणून पिनांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवतो. इमारतींच्या सावल्या अ‍ॅप दाखवत नाही, आकडेमोड आपणच करायची. पिनखाली टीप लिहिता येते, तिथे मी ट्रायपॉड चालतो का आणि दिवे कधी लागतात ते लिहितो. आयफेल टॉवरचे लुकलुकणारे दिवे रात्री दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटंच चालतात, अशी माहिती पिनलाच चिकटलेली बरी.

मध्यंतरी अपडेट आलं आणि नव्या पिनांवर वेळ बरोबर दिसू लागली. जुन्या पिना अजून तशाच आहेत, आणि झालेल्या चुकीबद्दल कंपनीकडून एक ओळही नाही. कुठलंही असं अ‍ॅप घेण्याआधी लांबच्या शहरात पिन टाका, तिथे घड्याळ बदलतं त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाचा सूर्यास्त बघा. आकडा एकदम तासाने सरकला नाही, तर घेऊ नका.

मी वर्षाची वर्गणी भरणार नाही. सहल ठरली की त्या महिन्यापुरती घेईन, पिना नव्याने टाकेन, आणि तिकीट काढण्याआधी वेळ दुसरीकडे पडताळेन.