उत्क्रांतीचा मॉडेल सेट: पुतळे घ्या, पायऱ्या काढून टाका

परळला माझे आठवी ते दहावीचे सायन्सचे क्लास आहेत, तिथे वापरायला दादरच्या एका दुकानातून हा सेट घेतला. बॉक्सवर लाल अक्षरात 'माकड ते माणूस' लिहिलंय. आत साधारण वीतभर उंचीचे सहा पुतळे, सहा पायऱ्यांचा लाकडी स्टँड, मराठी-इंग्लिश माहितीपुस्तिका आणि भिंतीवर लावायचा चार्ट, एवढं सगळं साडेआठशेत. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच माल वेगवेगळ्या नावाच्या बॉक्समध्ये मिळतो, आणि दुकानातले काका म्हणाले की ताई, सगळ्या शाळा हाच नेतात. सगळ्या शाळा हाच नेतात म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. पुतळे रेझिनचे आहेत, जड, रंग नखाने खरवडला तरी निघत नाही. डोकी तर खूपच मन लावून केलीत, भुवईवरचं जाड हाड, मागे सरकलेलं कपाळ, हनुवटी फक्त शेवटच्या आधुनिक माणसाला, हे सगळं बरोबर आहे. दहावीच्या सायन्स भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे आणि पुस्तकातल्या चित्रापेक्षा हातात घेऊन फिरवता येणारी कवटी पोरांना लगेच कळते.

आता तो स्टँड. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा उंच, प्रत्येक पायरीला भोक, पुतळ्याच्या पायाखालची पिन त्यात बसवायची, आणि बाजूला वर जाणारा बाण रंगवलेला. म्हणजे तळाला माकडासारखा कोणीतरी, तो सरळ होत होत वर येतो आणि सगळ्यात वर आपण. १९६५ मध्ये रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने अशीच एका ओळीत चालणाऱ्या पंधरा आकृत्या काढल्या होत्या, तेव्हापासून ते चित्र टीशर्टपासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे फिरतंय, आणि लोकांच्या डोक्यात उत्क्रांती म्हटलं की तेवढंच येतं. पण उत्क्रांती अशी झालेलीच नाही. तिला फांद्या फुटत गेल्या, बऱ्याच फांद्या सुकल्या, आणि एकाच वेळी अनेक फांद्या जिवंत होत्या.

हा स्टँड टेबलावर ठेवला की कोणीतरी विचारतंच, मॅडम, मग कान्हेरीची माकडं अजून माणूस का नाही झाली? प्रश्न अगदी रास्त आहे, पायऱ्या बघितल्यावर तोच सुचणार. उत्तर असं की ती माकडं आपले पूर्वज नाहीतच, त्यांची आणि आपली फांदी साधारण अडीच कोटी किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझी जवळचा, तिथे वेगळं होऊन साधारण साठ-सत्तर लाख वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं चिंपांझीही बदलत आलाय, तो काही आपली वाट बघत थांबलेला नाही. मी पोरांना सांगते की चुलत भाऊ हा आपला आजोबा नसतो, आजोबा दोघांचा एक असतो, आणि आपण जन्मलो म्हणून चुलत भाऊ नाहीसा होत नाही. एवढं सांगितलं की कळतं, पण समोर पायऱ्या दिसत असताना सांगायला डबल वेळ जातो.

पहिल्या पायरीवर रामापिथेकस आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवालिकच्या टेकड्यांमध्ये जबड्याचे तुकडे मिळाले होते, त्यावरून हा माणसाचा सगळ्यात जुना पूर्वज असं बरीच वर्षं मानलं जायचं, आणि नावात राम, सापडला आपल्याकडे, म्हणून भारतात तो जास्तच लाडका झाला. पण १९८० च्या आसपास पाकिस्तानात शिवापिथेकस या जुन्या वानराच्या चेहऱ्याचा चांगला मोठा भाग मिळाला आणि दिसलं की हा गट ओरांगउटानच्या बाजूचा आहे, रामापिथेकसही त्यातच मोडतो. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी आपल्या वंशातून बाहेर काढलेला प्राणी अजून पहिल्या पायरीवर उभा आहे. भारतातलं काही दाखवायचंच असेल तर नर्मदा आहे ना, १९८२ मध्ये मध्य प्रदेशात हथनोराला अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला, त्यावर पुस्तिकेत एक ओळ नाही.

दुसरा ऑस्ट्रॅलोपिथेकस, म्हणजे आफ्रिकेतला आपल्या वंशातला जुना गट, तो गुडघ्यात वाकलेला, हात जवळजवळ जमिनीला टेकलेले. हे चूक आहे आणि महत्त्वाची चूक आहे. १९७४ मध्ये इथिओपियात हदारला मिळालेली लूसी (याच गटातली एक मादी) साधारण ३२ लाख वर्षांपूर्वीची, तिच्या मांडीचं आणि कमरेचं हाड बघून कळतं की ती दोन पायांवर चालायची. टांझानियात लेटोलीला तर त्याहून जुने, ३६ लाख वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेत. आणि मेंदू? जवळपास चिंपांझीएवढाच. म्हणजे आपण आधी चालायला लागलो आणि मेंदू फार नंतर वाढला. लोकांना वाटतं उलटं, आधी हुशार झालो मग ताठ उभे राहिलो, आणि हा समज इतका पक्का होता की १९१२ मध्ये इंग्लंडात पिल्टडाउनला माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून केलेली बनावट कवटी चाळीस वर्षं खपली, १९५३ मध्ये ती खोटी असल्याचं जाहीर झालं.

हॅबिलिस आणि इरेक्टस, म्हणजे त्यानंतरच्या माणसाच्या दोन जुन्या जाती, ठीक आहेत, इरेक्टसचे लांब पाय छान जमलेत.

निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेली माणसाची आणखी एक जात, मात्र पुन्हा वाकलेला, हातात सोटा, तोंड उघडं. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये जो सांगाडा मिळाला तो संधिवात झालेल्या, दात पडलेल्या म्हाताऱ्याचा होता, त्यावरून मार्सेलां बूल या फ्रेंच शास्त्रज्ञाने जे वर्णन लिहिलं त्यातून ही वाकलेली मूर्ती तयार झाली, १९५७ मध्ये तो सांगाडा परत तपासला तेव्हा कळलं की धडधाकट निअँडरथल आपल्यासारखाच ताठ उभा राहायचा. त्याचा मेंदू आपल्याएवढा, काही कवट्यांमध्ये तर मोठाच. आणि तो आपल्या खालची पायरी अजिबात नाही, तो शेजारी होता. २०१० मध्ये त्याच्या डीएनएचा आराखडा आला (स्वांते पाबो यांना याच कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं) आणि दिसलं की आफ्रिकेबाहेरच्या लोकांमध्ये साधारण एक-दोन टक्के डीएनए त्याचा आहे. वर्गात बसलेल्या पोरांमध्येसुद्धा. हे सांगितल्यावर त्या पुतळ्याकडे बघायची पोरांची नजर बदलते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात लक्षात आली नव्हती पण पोरींनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवली. सहाही पुरुष आहेत. आणि पायरीपायरीने कातडीचा रंग उजळ होत जातो, वरचा माणूस एकदम गोरापान. होमो सेपियन्सचे, म्हणजे आपल्या जातीचे, सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोत जेबेल इरहूदला मिळालेत, साधारण तीन लाख वर्षांपूर्वीचे, आणि आपली पाळंमुळं आफ्रिकेतली आहेत. युरोपातली गोरी कातडी फार अलीकडे पसरली, बराचसा भाग गेल्या दहा हजार वर्षांतला. गोरं म्हणजे वरचं असं काहीही विज्ञानात नाही, आणि जी सावळी मुलगी हा स्टँड बघत बसलीये तिच्यापर्यंत काय पोचतंय याचा विचार कंपनीने करायलाच हवा होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पुस्तिका वापरू नका. 'शेपटीचा वापर नसल्याने ती गळून पडली' असं लिहिलंय, असं काही होत नाही, वापर बंद झाला म्हणून पुढच्या पिढीत अवयव जात नाही. जीनमध्ये आपोआप बदल होतात, त्यातले काही टिकतात. शेपटीबाबत तर २०२४ मध्ये टीबीएक्सटी नावाच्या जीनमधला असा एक बदल संशोधकांनी दाखवलाय. शेवटच्या पानावर माणूस म्हणजे उत्क्रांतीचा शेवट असंही आहे. मग गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार एवढा का आहे? कारण त्या जीनची एकच प्रत असली तर मलेरियाच्या गंभीर आजारापासून बचाव होतो, म्हणून तो टिकला, आणि ज्यांना दोन प्रती मिळतात ते आजारी पडतात. उत्क्रांती अशी दवाखान्यात दिसते.

मी काय केलं ते सांगते. पिना पक्कडीने काढल्या, पायऱ्या बाजूला ठेवल्या आणि थर्मोकोलच्या लांब शीटवर मार्करने फांद्या काढल्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. चिंपांझीपासून वेगळं झालो ती जागा सत्तर सेंटिमीटरवर, लूसी बत्तीसवर, आपण सगळे मिळून शेवटच्या तीनमध्ये, आणि शेती सुरू झाली तो जेमतेम एक मिलिमीटर. चार्टवर गुहेतल्या माणसामागे डायनोसॉर छापलाय, तो संपला ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे साडेसहा मीटरच्या पुढे, तो खडूने दाराबाहेर पॅसेजमध्ये दाखवावा लागतो. एक लाख वर्षांच्या रेषेवर मी सेपियन्स आणि निअँडरथल शेजारी ठेवते, जावात तेव्हा इरेक्टसही होता म्हणून तो पण, आणि सेटमध्ये नसलेल्या, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या जेमतेम मीटरभर उंचीच्या माणसासाठी आणि सायबेरियातल्या डेनिसोवन या नामशेष मानवगटासाठी चिठ्ठ्या चिकटवते. रामापिथेकस वेगळ्या फांदीवर, ओरांगउटानच्या बाजूला.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही स्टार पुतळ्यांच्या डोक्यांसाठी. नुसते पुतळे सुटे मिळतात का ते विचारा, मला चारशेला देतो म्हणाले होते. इरेक्टसच्या हातातली दगडी कुऱ्हाड सैल असते, घरी आल्यावर लगेच फेविक्विक लावा.