आर्क्टिकच्या बर्फाचा आकडा रोज बघायचाय, तर एनएसआयडीसी की ब्रेमेन?

पावसाळ्यात आपण सकाळी उठून मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा किती झाला ते बघतो ना, तसंच मी मार्च ते सप्टेंबर आर्क्टिकचा बर्फ बघतो, फक्त तिथे आकडा उतरत जातो. भाची बोरिवलीला असते, तिने प्रोजेक्टला हाच विषय घेतला आणि विचारलं, मामा डेटा कुठला घेऊ?

माझं मत, एनएसआयडीसी. नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर, बर्फाचा डेटा ठेवणारी अमेरिकेची संस्था आहे, उपग्रहाचा १९७९ पासूनचा रेकॉर्ड आहे आणि सगळी वर्षं एकाच ग्राफवर एकावर एक टाकून बघता येतात. त्यात २०१२ ची रेष सप्टेंबरच्या मध्याला जिथे टेकते तो आकडा साधारण ३४ लाख चौरस किमी, म्हणजे जवळपास भारताएवढाच बर्फ उरला होता, आणि २०२५ पर्यंत तरी त्याखाली कुठलंच वर्ष गेलं नाही. हिवाळ्याकडे पण लक्ष ठेवा, २२ मार्च २०२५ ला बर्फ वाढत वाढत १४३ लाख चौरस किमीवरच थांबला, तोवरच्या सगळ्या हिवाळ्यांमधला सगळ्यात कमी.

आता यातली गोम. ते नकाशा चौकटींमध्ये विभागून बर्फ मोजतात, एक चौकट २५ किमी बाजूची, म्हणजे ६२५ चौरस किमी, शहर आणि उपनगर धरून मुंबई साधारण तेवढीच. चौकटीत १५ टक्के बर्फ असला की एक्स्टेंटमध्ये, म्हणजे बर्फाच्या एकूण विस्तारात, पूर्ण चौकट धरतात. नॅशनल पार्क १०४ चौरस किमीचं आहे, तेवढाच बर्फ आणि बाकी सगळं पाणी असलं तरी अख्खी मुंबई बर्फात मोजली जाणार! मग एरियाच, म्हणजे चौकटीत जेवढा बर्फ तेवढाच धरून केलेली बेरीज, का नको, तर उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला ती उघडा समुद्र वाटतात, त्यामुळे एरिया खूप कमी दिसतो. म्हणून ऋतूप्रमाणे होणारा बदल बघायला एक्स्टेंटच बरा. वर तो पाच दिवसांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे एका दिवसाच्या उडीने घाबरायला होत नाही.

जर्मनीच्या ब्रेमेन युनिव्हर्सिटीचे नकाशे जपानच्या शिझुकू उपग्रहावरून बनतात, चौकट ६.२५ किमीची, म्हणजे एनएसआयडीसीच्या एका चौकटीत यांच्या सोळा बसतात. बर्फाची कड, मधल्या भेगा इतक्या स्पष्ट दिसतात की बघतच राहावं. पण ढगाळ वादळी हवेत मोकळ्या पाण्यावर पण कधी कधी खोटा बर्फ उमटतो. जपानची अंतराळ संस्था जाक्सा, तिचा ग्राफ पण चांगला आहे, रोज नुसता आकडा हवा असेल तर तोही चालेल.

फक्त दोन ठिकाणचे आकडे एकत्र करू नका. भाचीने जूनपर्यंत एकीकडचे आणि जुलैपासून दुसरीकडचे घेतले, तर एक जुलैला ग्राफमध्ये सरळ पायरीच पडली, बिचारी रात्रभर बर्फ अचानक का वितळला ते शोधत बसली होती. आता पूर्ण वर्ष एनएसआयडीसीचंच घेतलंय, ब्रेमेन फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सायबेरियाच्या बाजूची कड कुठवर मागे गेली ते डोळ्यांनी बघायला.