एकच चूर्ण घोडीला, कुत्र्याला आणि माणसाला: सोलापुरात आमच्या घराची झालेली फसवणूक

जडीबुटीच्या नावाखाली आमच्या घराची जी फसवणूक झाली, ती सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आजही तशाच पद्धतीने चालू आहे, असे इतरांशी बोलताना लक्षात आले. म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

माझ्या थोरल्या चुलत्यांचा वराती आणि मिरवणुकांसाठी घोडी पुरवण्याचा जुना व्यवसाय आहे. लग्नसराईच्या तोंडावर घोडी पुढच्या पायाने लंगडू लागली, म्हणून ते तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय तपासला, नाल काढायला सांगितली, औषध दिले आणि काही आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी लागेल असे स्पष्ट सांगितले. ज्याच्या सुपाऱ्या ठरलेल्या आहेत, त्याला विश्रांती हा शब्द किती जड जातो हे समजण्यासारखे आहे आणि फसवणारा माणूस दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेमका याच क्षणाची वाट पाहत उभा असतो.

तो मध्यम वयाचा, पांढरी टोपी घातलेला, साधा शेतकरी वाटावा असा होता. त्याने काही विकण्याचा प्रयत्न केला नाही. घोडीकडे पाहून तो इतकेच म्हणाला, "काका, आमच्या खोंडाचा पाय असाच धरला होता, सुया टोचून जनावर खंगलं, शेवटी एका वैद्यांच्या पाल्यानं उभं राहिलं." वैद्य कोण, कुठले, हे काकांनीच विचारले. मग त्याने फोन लावून दिला. पलीकडच्या 'वैद्यां'नी पैसे घेणार नाही असे सांगून सात-आठ वनस्पतींची नावे चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावली आणि हा सगळा माल शुद्ध स्वरूपात कोणत्या दुकानात मिळेल तेही सांगितले. वाटाड्या, वैद्य आणि दुकानदार हे तिघे एकाच साखळीतले असतात, परंतु प्रत्येक जण दुसऱ्याला केवळ ओळखीचा असल्यासारखे बोलतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला तीन वेगवेगळ्या माणसांची साक्ष मिळाल्यासारखे वाटते.

दुकानातली युक्ती अधिक बारकाईने समजून घ्यावी अशी आहे. चिठ्ठीवरची अश्वगंधा, शतावरी, सुंठ ही नावे ओळखीची असतात आणि त्यांचा भावही रास्त लावला जातो. त्यांच्यातच एक अनोळखी 'भस्म' असते. त्याचा भाव विचारल्यावर उत्तर मिळते, "तीस रुपये." कशाचे तीस रुपये, हे सांगितले जात नाही आणि ऐकणारा मनाशी तोळ्याचा हिशोब धरतो. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यामुळे हा भाव सहज परवडणारा वाटतो. दुकानदार बोलता बोलता ३०० ग्रॅम माल तोलतो, इतर मुळ्यांबरोबर कुटतो, चाळतो, आणि मग ग्रॅमला तीस रुपये या दराने केवळ त्या एका पदार्थाचे ९,००० रुपये मागतो. हरकत घेतली की उत्तर तयार असते: कुटलेला माल परत घेतला जात नाही. काकांनी जवळ होते तेवढे पैसे दिले आणि उरलेले घरून मागवले. पावती मागितली तेव्हा तीवर 'पूजा साहित्य' असे लिहिलेले होते.

इथपर्यंतची फसवणूक पैशांची होती. पुढची अधिक गंभीर होती, कारण त्या चूर्णाने गुण आला.

गुळात कालवून दिलेल्या चूर्णानंतर दुसऱ्याच दिवशी घोडी पाय टेकून चालू लागली. काकूंचे गुडघे अनेक वर्षांचे दुखणारे, त्यांना 'हेच चूर्ण माणसालाही चालते, मात्रा तेवढी चिमूटभर' असे फोनवर सांगण्यात आले. त्यांनाही त्याच रात्री शांत झोप लागली. घरचा कुत्रा खाजवून खाजवून अंगावरचे केस घालवून बसला होता, त्याचीही खाज थांबली. घरात त्या माणसाचे नाव आदराने घेतले जाऊ लागले आणि दुसऱ्या खेपेचे चूर्ण पहिल्यापेक्षा महाग असूनही विनातक्रार आणले गेले.

त्यानंतर एकेक गोष्ट बिघडत गेली. कुत्रा सतत पाणी पिऊ लागला, घरातच लघवी करू लागला, पुढे त्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली. काकूंचा चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला आणि नियमित गोळ्या चालू असूनही त्यांची साखर आटोक्याबाहेर गेली. घोडीने तर एके सकाळी जागचे हलणेच सोडले. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून ती सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी होती आणि तिचे पुढचे खूर हाताला गरम लागत होते.

पशुवैद्यांनी तिला पाहताच लॅमिनायटिसची शंका व्यक्त केली. खुराच्या कठीण कवचाला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारा जो नाजूक थर असतो, त्याला यात सूज येते. आजार बळावला तर तो थर सुटून हाड खाली सरकते आणि जनावर कायमचे अधू होऊ शकते. या आजाराची कारणे अनेक असतात, धान्य जास्त खाण्यात आले तरी तो होतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु तेच चूर्ण कुत्र्याला आणि काकूंनाही लागू पडले, हे कळल्यावर त्यांनी पुडी तपासून घ्यायला सांगितली. खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आढळले.

या दोन नावांनी सगळ्याचा उलगडा झाला. स्टेरॉइड सूज आणि खाज झपाट्याने दडपते, मग शरीर माणसाचे असो वा जनावराचे. पण मूळ आजार तसाच राहतो. ते रक्तातली साखर वाढवते, तहान आणि लघवी वाढवते, आणि कुत्र्याची खाज जर त्वचेतल्या सूक्ष्म किड्यांमुळे असेल, तर प्रतिकारशक्ती दबल्याने ते किडे आणखी फोफावतात. डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठरात जखमा करू शकते. काळी विष्ठा ही आतल्या रक्तस्रावाची खूण होती. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली, ती मृत जनावरे खाणाऱ्या गिधाडांचा त्याने संहार झाल्यामुळे. शिवाय वेदना दबल्यामुळे घोडीने दुखऱ्या पायावर वराती केल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती तिला मिळालीच नाही.

माझा वनस्पतींच्या औषधांवर राग नाही, उलट आदर आहे, आणि म्हणूनच ही भेसळ मला अधिक लागते. खोकल्यावरचे ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या वॅसिसिनवरून तयार झाले. सर्पगंधेतून मिळालेले रेसर्पिन रक्तदाबावर वापरले गेले. ज्या वनस्पतीत गुण आहे, तिला मात्रा आहे आणि अपायही आहे, आणि तो प्राण्यागणिक बदलतो. आपल्या रोजच्या फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या आणि घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करू शकतो. घोड्याला तर ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे औषध बाहेर पडण्याची वाटच नसते. जो जाणकार वैद्य असेल, तो साडेतीनशे किलोच्या घोडीला, पंधरा किलोच्या कुत्र्याला आणि मधुमेह असलेल्या बाईला एकाच डब्यातले चूर्ण कधीही देणार नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली विक्रीच्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावे, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापणे बंधनकारक आहे. स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यांना उत्पादन परवान्यातून सूट आहे, आणि हे लोक याच सुटीचा आधार सांगतात. मात्र ज्याने रुग्ण पाहिलेलाच नाही अशा वैद्याच्या नावाने दुकानात बिनलेबलाची पुडी विकणे त्या सुटीत बसत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, ग्राहक म्हणून १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते. आमच्या तक्रारीत सर्वांत मोठी अडचण 'पूजा साहित्य' या दोन शब्दांची आली. म्हणून माल कुटू देण्याआधी प्रत्येक पदार्थाचा दर ग्रॅममध्ये की तोळ्यात हे लिहून घ्यावे आणि पावतीवर औषधाचेच नाव घालण्याचा आग्रह धरावा. जो दुकानदार नकार देईल, त्याच्या दुकानातून तिथूनच परत फिरावे. उरलेले चूर्ण मूळ पुडीसकट सीलबंद ठेवावे, फेकून देऊ नये, कारण तपासणी त्याचीच होते.

ज्यांच्या घरी असे चूर्ण आजही चालू आहे, त्यांनी ते परस्पर एकदम बंद करू नये. स्टेरॉइड बराच काळ पोटात गेले असेल तर शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते, आणि औषध अचानक तोडल्यास रक्तदाब उतरून माणूस वा जनावर कोसळू शकते. पुडी हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यांकडे जावे आणि किती काळ, किती मात्रेत दिले हे काहीही न लपवता सांगावे. काकूंची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करत आणली. घोडी आता मऊ वाळूच्या जागेत उभी असते आणि नालबंद पशुवैद्यांच्या सांगण्यानुसार तिचे खूर कापतो. ती पुन्हा वरातीला जाईल की नाही, हे अजून कोणी सांगितलेले नाही.