पिल्लं मोजायची की वाढीचा वेग?

खानापूर-जांबोटीकडं साळुंक्यांच्या पायात रंगीत कडी घालून (वनखात्याची परवानगी घेऊनच) अभ्यास करायचा, तर उत्क्रांतीच्या हिशोबात सरस कोण, म्हणजे कुणाचा वंश पुढं जास्त पसरतो, हे कशावरून ठरवायचं?

पहिली पद्धत साधी: मादीची जन्मभराची पिल्लं मोजा. पण घरट्यातली नव्हेत, मोठी होऊन स्वतः विणीला लागलेली. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात 1947 पासून ग्रेट टिट, म्हणजे आपल्या रामगंगेचा भाऊबंद, याच्या विणीच्या नोंदी चालू आहेत. नरांबाबत डीएनए तपासणी हवी. एकाच्या घरट्यात दुसऱ्याचं पिल्लू निघू शकतं.

दुसरी पद्धत वाढीच्या वेगाची: ती पिल्लं झाली तेव्हाचं आईचं वयही धरते, आणि खरी गंमत इथं आहे. दोघींची चार-चार पिल्लं जगली. एकीची पहिल्या दोन वर्षांत, दुसरीची पाचव्या-सहाव्या वर्षी. त्या जातीची एकूण संख्या वाढत असेल तर पहिली पुढं, कारण दुसरी सुरुवात करते तोवर पहिलीला नातवंडं झालेली असतात. संख्या घटत असेल तर उलट, कारण उशिरा आलेली पिल्लं कमी झालेल्या पक्ष्यांत मोठा वाटा धरतात.

संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहत असेल तर मी पिल्लंच मोजेन. पण बेळगावच्या नव्या वसाहतींत एखादी जात पसरत असेल, तर पहिल्या विणीचं वय नोंदवलंच पाहिजे.