रॅबिशील्ड: उत्तम औषध, पण जखमेत गेलं तरच

कुत्रा चावल्यावर दंडात लस टोचून घेतली की झालं, हा समज जिवावर बेततो. लसीने शरीरात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिनं, तयार व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर लाळेतून आलेला विषाणू जखमेजवळच्या नसांत शिरून मेंदूकडे सरकू शकतो, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून रक्त आलेल्या प्रत्येक चाव्यात लसीबरोबर तयार अँटीबॉडी जखमेतच भरावी लागते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्स या संस्थेच्या साथीने तयार केलेलं रॅबिशील्ड त्यासाठीच आहे.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे कमी मात्रा. घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीला, म्हणजे घोड्याच्या सिरमला, वजनाच्या किलोमागे ४० युनिट लागतात, माणसाच्या रक्तातून काढलेल्याला २०, आणि रॅबिशील्डला ३.३३. साठ किलोच्या माणसाला घोड्याचं सिरम साधारण ८ मिली भरावं लागतं. रॅबिशील्डच्या ४० युनिट प्रति मिलीच्या कुपीतून ५ मिली पुरतं. बोटावर, कानावर, लहान मुलाच्या गालावर हा फरक फार मोठा. बोटात जास्त द्रव कोंबला तर आतला दाब वाढून रक्तपुरवठाच अडतो. शिवाय प्रयोगशाळेत पेशींपासून बनत असल्याने रक्तदात्यांवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि घोड्याच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जीही नाही.

मात्र औषध देण्यात चुका होतात. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. नंतर जखमेच्या कडेने आणि तळाशी सुई फिरवत, शक्य तितकं सगळं औषध तिथेच सोडायचं. जखमा अनेक असतील तर निर्जंतुक सलाइन मिसळून द्रव वाढवायचा, एकही ओरखडा सोडायचा नाही. सगळं औषध कमरेत टोचणं म्हणजे ते वाया घालवणं. लसीच्या सिरिंजमध्ये ते मिसळायचं नाही, लस टोचली त्या जागीही द्यायचं नाही. टाके घालायची घाई नको. घालावेच लागले तर औषध भरल्यावर, आणि सैल.

हे एकदाच द्यायचं असतं, शक्यतो पहिल्या लसीच्याच दिवशी. तेव्हा मिळालं नाही तर सातव्या दिवसापर्यंत चालतं. त्यानंतर शरीराची स्वतःची अँटीबॉडी येऊ लागते. लस मात्र पूर्णच घ्यायची: स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, त्वचेत असेल तर ०, ३, ७, २८.

एक खरी मर्यादा आहे. यात एकच अँटीबॉडी असते, ती विषाणूच्या एकाच जागेला चिकटते. जागतिक आरोग्य संघटनेचा कल दोन किंवा अधिक अँटीबॉडींच्या मिश्रणाकडे आहे. झायडस कंपनीचं ट्विनरॅब तसं आहे. तरी रॅबिशील्ड शोधण्यात दिवस घालवू नका. सरकारी रुग्णालयात घोड्याचं सिरम तयार असेल तर तेच लगेच घ्या, जीव तेही वाचवतं.

कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी, गोठलेली वापरू नये. विकत आणायची असेल तर आधी रुग्णाचं वजन करा: १५ किलोच्या मुलाला ५० युनिट, म्हणजे सव्वा मिली पुरतं. लसीचा पूर्ण कोर्स आधी झालेल्यांना मात्र हे लागतच नाही; त्यांना ० आणि ३ या दिवशीची लस पुरे.